साइड व्हीलची स्कूटर की बॅटरीची तिचाकी?

मी दोन्ही चालवल्यात. सात वर्षं साइड व्हील, म्हणजे मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना आधाराची चाकं लावलेली स्कूटर, आता अडीच वर्षं दिव्यांगांसाठीची बॅटरीची तिचाकी. एका पायात कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा सांगाडा), दुसरा पाय नावालाच आणि कुबड्या कायम सोबत. किंमत, मायलेज वगैरे दुकानदार सांगेलच, मी बुडाला जे कळलं तेच लिहितोय.

स्कूटरची मजा वेगळीच. जुळे सोलापूरवरून निघालं की सात रस्ता कधी आला कळत नाही, चारचौघांच्या बरोबरीनं सिग्नलला उभं राहता येतं. आरसीवर बदलाची नोंद आणि लायसन्सचं तेवढं बघावं लागतं. कायद्यात अशा गाडीला आधी 'इनव्हॅलिड कॅरेज' म्हणजे पंगू माणसाची गाडी म्हणायचे, 2019 च्या दुरुस्तीनं 'अ‍ॅडॅप्टेड व्हेईकल' म्हणजे गरजेनुसार बदललेली गाडी केलं, बरं झालं बाबा. खड्ड्यात मात्र साइडची चाकं दोन काठांवर टेकतात आणि मधलं चाक अधांतरी गरगर फिरत बसतं. त्याचीही सवय होते.

सवय झाली नाही ती रिव्हर्सची. नवी पेठेत गाडी नाक दुकानाकडं करून लावली की संपलं. बाकीचे पाय टेकवून गाडी मागं ढकलतात, आपण काय टेकवणार? मग "ओ दादा, जरा मागं ओढता का". माणसं भली असतात, लगेच येतात, पण साइड व्हीलच्या पाइपला धरून असा हिसका देतात की हँडल एकीकडं आणि गाडी भलतीकडं. दिवसातून तीन-चार वेळा हेच. एकदा मे महिन्यात भर दुपारी चाटी गल्लीत अडकलो, शटरं अर्धी खाली, रस्त्यावर कुत्रं नाही, सीट तव्यासारखं तापलेलं आणि मी पंधरा-वीस मिनिटं कुणीतरी येईल म्हणून बसलेलो. त्या दिवशी ठरलं.

तिचाकीला रिव्हर्सचं बटण आहे. दाबलं की टुकटुक करत मागं येते, कुणाला हाक मारायला नको. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीतही माणसाच्या चालीनं जाते. मोटर 250 वॉटच्या आत आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत असेल तर नोंदणी-लायसन्सची भानगड नाही. माझी दुकानातून घेतलेली आहे, पण दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेत कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची तिचाकी मिळते, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) असेल तर शिबिरात अटी विचारून बघा.

तोटे आहेत की. हळू आहे, चढाला धापा टाकते, रात्री चार्जिंगला लावायला विसरलो तर सकाळी रिक्षा. बोळात रुंदीला अडते. आणि लोक स्कूटरवाल्याला 'साहेब, पुढं घ्या' म्हणतात, तिचाकीवाल्याला 'काका, सावकाश' म्हणतात, माझं वय तेवढंच असून.

रोज मोहोळ-सोलापूर करणारा असेल तर त्याला मी तिचाकी घे म्हणणार नाही, हायवेवर तिचं काम नाही. आजकाल काही इलेक्ट्रिक स्कूटरना रिव्हर्स मोड येतो, तसली घेऊन चाकं लावली तर दोन्ही साधेल बहुतेक, पण ती मी चालवलेली नाही. गावातल्या गावात बँक, बाजार, दवाखाना एवढंच असेल तर मला तरी तिचाकी बरी वाटते.

स्कूटर अजून विकलेली नाही. अंगणात उभी आहे, पुतण्यानं फिरवून लावलीय, नाक गेटकडं करून.