जुन्या स्प्लेंडरला कोणतं इंजिन ऑइल घालावं? मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये बरेच महिने वापरून आलेला अनुभव

गाडी स्प्लेंडर प्लस, २००६ ची, बाबांच्या नावावरची. १५ वर्षं झाल्यावर आरसी रिन्यू करून घेतली. इंजिनाचं मोठं काम आजवर निघालेलं नाही. भांडुप ते अंधेरी एमआयडीसी असं माझं रोजचं जाणं-येणं तिच्यावरच होतं. म्हणजे गांधीनगर जंक्शन, पवई, सीप्झ. आणि जेव्हीएलआरवर (जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड) मेट्रोचं काम सुरू झाल्यापासून अर्धा रस्ता पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच. एअर-कूल्ड इंजिनाला वारा लागला तरच ते थंड होतं, आणि इथे वारा लागतच नाही. तेव्हा ऑइलचा खरा कस अशाच रस्त्यावर लागतो.

निकाल आधीच सांगते. तीन वेगवेगळी ऑइलं वापरून मी पुन्हा पुस्तिकेतल्या ग्रेडवर (म्हणजे ऑइलच्या जाडपणाच्या आकड्यावर) आले: १०डब्ल्यू-३०, जासो (बाइकच्या ऑइलचं जपानी मानक) एमए किंवा एमए२, आणि साधारण दोन ते अडीच हजार किलोमीटरला बदलायचं. 'गाडी जुनी झाली, आता जाड ऑइल घाला' हा सल्ला माझ्या गाडीला मानवला नाही.

हा सल्ला सगळेच देतात. आमचे मेकॅनिक मामा तर दर वेळी म्हणायचे, "ताई, वीस-चाळीस टाकू या, इंजिन गप्प बसेल." वीस-चाळीस म्हणजे जास्त जाड असं २०डब्ल्यू-४०. त्यांच्या म्हणण्यात तथ्य नाही असं नाही. पिस्टन रिंगा आणि बोअर झिजले की फट वाढते, पातळ ऑइल तिथून वर जाऊन जळतं, तेव्हा एक पायरी जाड ऑइल घालून काही दिवस निभावता येतं. पण जुनी गाडी आणि झिजलेली गाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाडी झिजली की नाही हे आरसीवरच्या तारखेवरून नाही, डिपस्टिकवरून (ऑइलची पातळी बघायच्या काडीवरून) कळतं.

आणि डिपस्टिक बघायचीही एक पद्धत आहे. स्प्लेंडर मेन स्टँडवर सरळ उभी करायची, इंजिन दोन-चार मिनिटं चालवून बंद करायचं, ऑइल खाली उतरेपर्यंत थांबायचं, काडी पुसायची आणि नुसती टेकवायची; आटे फिरवून आत बसवायची नाही. बरेच जण आटे फिरवतात. मग काडी जास्त खोल बुडते, लेव्हल भरल्यासारखी दिसते आणि प्रत्यक्षात इंजिनात ऑइल कमी असतं. एक लिटरसुद्धा न मावणाऱ्या इंजिनात थोडंसं कमी म्हणजे पुष्कळ कमी.

माझ्या गाडीत दोन बदलांच्या मध्ये लेव्हल किंचित उतरते, टॉपअप लागत नाही. सकाळी स्टार्ट करताना निळा धूर नाही, रेस दिल्यावरही नाही. (सुरू करताच क्षणभर निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सीलकडे बघा, रेस देताना येत राहिला तर रिंगांकडे. दोन्हींवर ऑइल बदलणं हा इलाज नव्हे.)

तरी मामांचा अनुभव मोठा, म्हणून उन्हाळ्यात २०डब्ल्यू-४० मिनरल घातलं. पहिल्या दिवशी खरंच फरक वाटला. हेडमधली टकटक कमी, आवाज भरीव. पण आठवडाभरात जाणवलं की सकाळी गाडी थोडी जड चालते आणि पवईचा चढ चढताना आधीचा मोकळेपणा नाही. मायलेजही जरासं उतरलं. मग टॅपेट (व्हॉल्व्हच्या फटीचं सेटिंग) तपासून घेतले तर सेटिंग सुटलेलं निघालं. टकटक थांबली नव्हती, जाड ऑइलाने ती झाकली होती. टॅपेट नीट लावल्यावर १०डब्ल्यू-३० वरही इंजिन तेवढंच शांत चालतं. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात महत्त्वाचा धडा, कारण 'आवाज कमी झाला' यावरूनच आपल्याकडे ऑइलला चांगलं-वाईट ठरवलं जातं.

आकड्यांबद्दलही थोडं सांगायला हवं. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतल्या चाचणीचा असतो. १०डब्ल्यूची क्रँकिंग चाचणी उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. मुंबईचं नोंदलेलं सर्वांत कमी तापमान ७.४ अंश सेल्सिअस, तेही जानेवारी १९६२ मधलं. म्हणजे थंडीत गाडी सुरू होईल का, ही आपली चिंताच नाही. पण म्हणून दोन्ही ऑइलं इथे सारखीच वाहतात असंही नाही. २५-३० अंशांनाही २०डब्ल्यू-४० जाडच असतं आणि ते ढवळण्यात छोट्या इंजिनाची ताकद जाते. दुसरा आकडा १०० अंश तापमानाचा: तिथे ३० ग्रेडची व्हिस्कॉसिटी (जाडपणा) ९.३ ते १२.५ सेंटिस्टोक्स, ४० ची १२.५ ते १६.३. या ९७.२ सीसीच्या इंजिनाचा ऑइल पंप आणि फटी ३० ग्रेड धरून बनवलेल्या आहेत.

पावसाळ्याच्या तोंडावर फुल सिंथेटिक १०डब्ल्यू-३० घातलं. किंमत जवळपास दुप्पट. गिअर लोण्यासारखे पडू लागले, ट्रॅफिकमध्ये तापल्यावरही न्यूट्रल पटकन लागायचं. पण काही दिवसांतच इंजिनाच्या डाव्या बाजूला, पुढच्या स्प्रॉकेटच्या कव्हरखाली, ऑइलचा ओलसर डाग दिसायला लागला. गॅरेजवर सगळ्यांचं एकच मत, "सिंथेटिक जुन्या गाडीला चालत नाही, लीक होतं." कव्हर काढून बघितलं तर गिअर शाफ्टचं ऑइल सील कडक होऊन तडकलेलं. रबर इतक्या वर्षांचं, ते कधीतरी जाणारच होतं. चहा-नाश्त्याच्या पैशांत नवीन सील बसलं आणि त्याच सिंथेटिकवर तो भाग पुढे कोरडा राहिला. लीक दिसलं की ऑइलला दोष देण्याआधी सील आणि गॅस्केट बघा.

मग सिंथेटिकच का ठेवलं नाही? कारण ही इंजिनाची ठेवण. या स्प्लेंडरला बदलता येणारा कागदी फिल्टर नाही. खाली एक जाळी आणि क्रँकच्या उजव्या टोकाला फिरता रोटर, एवढंच. हा रोटर वॉशिंग मशीनच्या ड्रायरसारखा गरगर फिरतो आणि जड कचरा कडेला चिकटवून ठेवतो. बारीक काजळी मात्र ऑइलमध्येच फिरत राहते आणि ती बाहेर काढायचा एकच मार्ग, ऑइल काढणं. शिवाय गिअरबॉक्स आणि क्लच याच ऑइलमध्ये असतात. गिअरच्या दातांमध्ये चिरडून ऑइल आपली जाडी गमावतं, मग ते कितीही महाग असो. आमच्या रस्त्यावर दोन हजारांच्या पुढे गिअर अडखळायला लागतात. अशा इंजिनाला महाग ऑइल लांबवून वापरण्यापेक्षा मध्यम किमतीचं सेमी-सिंथेटिक लवकर बदलणं मला पटतं.

रोटर साफ करायला उजवं कव्हर उघडावं लागतं, नवीन गॅस्केट लागतं, म्हणून गॅरेजवाले टाळतात. मी आग्रहाने करून घेतलं. आतल्या भिंतीवर शाईसारखा काळा गाळ घट्ट बसला होता, बोटाने खरवडावा लागला. त्यात बोट चोळल्यावर कचकच लागली. जुनी स्प्लेंडर घेत असाल तर ऑइलचा ब्रँड निवडण्याआधी हे एक काम उरकून घ्या.

पावसाळ्याचं वेगळं. घरापासून स्टेशनपर्यंतच गाडी चालवणाऱ्यांच्या फिलर कॅपखाली पिवळसर पांढरा फेस जमतो. इंजिन पुरेसं तापत नाही, ओलावा उडून जात नाही. आठवड्यातून एकदा लांब फेरी मारली की तो बहुतेक जातो. पण अंधेरी सबवे किंवा हिंदमातासारख्या पाण्यात गाडी बंद पडली आणि ऑइल दुधाळ दिसलं, तर किलोमीटर मोजू नका, त्याच दिवशी बदला.

बाटलीच्या मागे जासोचा छोटा चौकोन असतो, त्यात एमए किंवा एमए२ हवंच. ओल्या (ऑइलमध्ये बुडालेल्या) क्लचला घर्षण लागतं. कारच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्याने क्लच स्लिप होऊ शकतो. शिवाय नव्या कार ऑइलमध्ये पातळ ग्रेडना फॉस्फरस ०.०८ टक्क्यांपर्यंतच ठेवतात, जासोमध्ये तो ०.०८ ते ०.१२ टक्के असतो आणि कॅम, रॉकर आर्म यांना झिजेपासून वाचवणारं द्रव्य त्यातूनच येतं. घरात कारच्या कॅनमध्ये उरलेलं ऑइल आहे म्हणून बाइकमध्ये ओतू नका. एमबी (जासोचाच कमी घर्षणाचा वर्ग) लिहिलेलं ऑइल स्कूटरसाठी ठेवा.

हे सगळं माझ्या गाडीपुरतं. पल्सर १५० ला कंपनीच २०डब्ल्यू-५० सांगते, तिथे माझं १०डब्ल्यू-३० घालणं चूक. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचा गिअरबॉक्स वेगळा असतो, त्याचं ऑइलही वेगळं. आरएक्स १०० टू-स्ट्रोक, तिचा हिशोबच निराळा.

खरेदी मी ओळखीच्या दुकानातून किंवा पेट्रोल पंपावरून करते, सुटं ऑइल कधीच नाही. ९०० मिलीची बाटली या गाडीला पुरते, थोडं उरतंही. सील स्वतः तोडते, ड्रेन नटचा वॉशर दर वेळी बघते, आणि रिकामी बाटली तिथेच चिरून टाकते, नाहीतर ती पुन्हा भरून बाजारात येते. काढलेलं काळं ऑइल गटारात ओतलं जाताना दिसलं तर तिथल्या तिथे थांबवते. मामा आता ते कॅनमध्ये साठवून वापरलेलं ऑइल गोळा करणाऱ्याला देतात.