रुबिक डर्ट: चार महिने वापरून झालेला मळका फॉन्ट

मुलांच्या उन्हाळी शिबिराचं पोस्टर करायचं होतं आणि फॉन्ट असा हवा होता की बघताक्षणी लहान मुलांचा वाटेल, पण फुगे आणि चॉकलेटवाला गोडगोड नको, मातीत लोळून घरी आलेलं पोर असतं ना तसा हवा. गूगल फॉन्ट्सवर शोधता शोधता रुबिक डर्ट सापडला, तेव्हापासून पोस्टर, टी-शर्ट, स्टिकर, ओळखीतल्या पोरांच्या बँडचं बॅनर सगळीकडे तोच लावून बघितला, त्यामुळे कुठे चालतो आणि कुठे नाही हे आता नीट सांगता येईल.

आधी दिसतो कसा ते. मूळचा साधा रुबिक हुबर्ट अँड फिशर या डिझाइन स्टुडिओने गूगलच्या 'क्रोम क्यूब लॅब' या रुबिक क्यूबवरच्या प्रकल्पासाठी केलेला. तो रंगीत क्यूब आहे ना, १९७४ साली एर्नो रुबिकने बनवलेला, त्याच्या एकेका चौकोनात बरोबर बसतील अशी अक्षरं, म्हणून ती ठोकळ्यासारखी आणि कोपरे किंचित गोल. नंतर बर्लिनच्या नॅन स्टुडिओने याच ठोकळ्यांवर वेगवेगळे टेक्स्चर चढवून आख्खी मालिका काढली, ओला रंग, जळकं, बुडबुडे असं बरंच काही, त्यातला हा मळका. जाड काळं अक्षर आणि त्याच्या अंगावर बारीक बारीक कण उडालेले, शिक्क्याची शाई संपत आली की कागदावर जसं उमटतं तसं. मला सगळ्यात आवडतं ते हे की आत कितीही खरखरीत असलं तरी बाहेरचा आकार गोलसरच राहतो. घासलेले फॉन्ट बहुतेक वेळा भुताच्या सिनेमाचे नाहीतर मिलिटरीच्या पेटीवरचे वाटतात, हा तसा भीतीदायक होत नाही.

साइझ मोठीच ठेवा. ए३ पोस्टरवर दोन-तीन शब्दांचं हेडिंग एकदम झकास दिसतं, पण तारीख-वेळ-पत्ता यात टाकलात तर खराब झेरॉक्स वाटते, खालच्या मजकुराला साधा रुबिकच घ्या, घरचाच असल्यामुळे जुळतो पण छान. वेबसाइटवर एखाद्या हेडिंगपुरता ठीक, कारण प्रत्येक कणाची वेगळी आऊटलाइन असते आणि फाइल त्यामुळे जड होते.

एक गोष्ट झूम केल्यावर कळली. बँडच्या नावात इंग्लिश ओ शेजारी शेजारी दोनदा येतो आणि दोन्ही ओंवर अगदी त्याच जागी तेच डाग! लांबून कळत नाही, पण एकदा दिसलं की नजर तिथेच जाते. मग टेक्स्ट आऊटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे साधे आकार बनवून, दुसरा ओ १८० अंशात फिरवला आणि काम झालं. इतर अक्षरं अशी उलटी करता येत नाहीत, तिथे दोनचार कण हाताने भरायचे आणि दोनचार नवे पाडायचे, पाच मिनिटांचं काम आहे, नक्की करा.

छपाईत खरी मजा स्क्रीन प्रिंटिंगला आहे. आमच्या प्रिंटरकाकांनी फिल्म हातात घेऊन आधी विचारलं, "ताई, हे असं उडालेलंच ठेवायचंय की भरून काढू?" ठेवा म्हटलं. अगदी बारीक कण छपाईच्या जाळीत बुजले, काही नवे तयार झाले, पण चूक म्हणून कुठेच दिसलं नाही, आणि आता टी-शर्ट धुवून धुवून छापाचे जे तुकडे निघतायत ते पण त्यातच मिसळून जातात. विनायल कटिंगला, म्हणजे चिकट शीटमधून अक्षरं कापून स्टिकर करतात त्याला, मात्र हा फॉन्ट देऊच नका. प्लॉटर, म्हणजे कापायचं मशीन, एकेक ठिपका कापत बसतो आणि मग ते सगळे चिमट्याने एकेक करून उचलावे लागतात, माझ्या कटिंगवाल्याने स्टिकर बघूनच हात जोडले.

आता आपला प्रश्न. यात रोमन आहे, सिरिलिक (रशियन लिपी) आहे, हिब्रू आहे, देवनागरी नाही. मराठी हेडिंग करायचं तर टेक्स्चर आपणच चढवायचं, आणि मी पहिल्यांदा मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मोदक' हा देवनागरी फॉन्ट घेऊन बघितला कारण गुबगुबीतपणात त्याला तोड नाही, पण मोदकच्या अक्षरात आतल्या मोकळ्या जागा म्हणजे केसाएवढ्या पांढऱ्या रेघा, त्यावर पांढरे कण पडले की कुठली रेघ अक्षराची आणि कुठला डाग तेच कळेना. त्यांचाच 'बालू २' फॉन्ट एक्स्ट्रा बोल्डमध्ये घेतला तर जमलं, आत जागा आहे, टोकं गोल आहेत, रुबिकशेजारी शोभतो.

तरी शिबिराचं नाव होतं 'रंगजत्रा', आणि पहिल्या प्रूफमध्ये टेक्स्चरने नेमका अनुस्वारच खाल्ला, पोस्टरवर 'रगजत्रा'! रोमनमध्ये पाच-सहा कण इकडेतिकडे गेले तरी वाचता येतं, आपल्याकडे एक टिंब गेलं की शब्दच बदलतो, आणि शिरोरेघ मध्येच तुटली की एका शब्दाचे दोन शब्द वाटतात. तेव्हापासून मी शिरोरेघ आणि अनुस्वार मास्क करून बाजूला ठेवते, बाकीच्या अक्षरावर टेक्स्चर टाकते आणि शेवटी रेघेच्या फक्त वरच्या कडेला हलकेच खरवडते. कोणीतरी टाइप डिझायनरने हे सगळं ध्यानात घेऊन देवनागरी मळका फॉन्ट करायलाच हवा, मी पैसे देऊन घेईन.

रुबिक डर्ट स्वतः फुकट आहे, ओपन फॉन्ट लायसन्सवर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या कामात, विकायच्या टी-शर्टवर बिनधास्त वापरा, फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही. वजन, म्हणजे अक्षराची जाडी, एकच मिळतं, बोल्ड-लाइट शोधत बसू नका.