डॉक्टरबाईंना पाच, ऑफिसला दोन

मांजर बरं होणार नाही हे कळल्यावर घरी येऊन त्याचं दुखणं सांभाळणाऱ्या एका सेवेचा हा अनुभव. कंपनीचं नाव टाकत नाही. डॉक्टरबाईंना पाच तारे आणि त्यांच्या ऑफिसला दोन, हे एकाच पाटीखाली कसं लावणार?

मी बेस्टमधला निवृत्त कंडक्टर. राहायला गोरेगाव पूर्वेला, तिसरा मजला, लिफ्ट नाही. ठमी आमची तेरा वर्षांची, काळीपांढरी, गावठी. दिंडोशी डेपोच्या कँटीनमागे सापडली आणि माझ्या खाकी शर्टाच्या खिशात बसून घरी आली. दिवाळीत तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, वास यायला लागला. मासा तोंडात घ्यायची आणि खाली टाकायची. जवळच्या दवाखान्यात दात किडलाय म्हणून काढला. तीन आठवडे झाले तरी खड्डा भरेना, उलट जबडा एका बाजूने फुगला. मग दुसरीकडे तुकडा काढून तपासला. स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. मांजरांच्या तोंडात जे कर्करोग होतात त्यांत हाच सगळ्यात जास्त दिसतो, आणि जिभेखाली नाहीतर हिरडीत लपत असल्याने कळतो तोवर उशीर झालेला असतो. ठमीची गाठ हाडात शिरली होती, किडनीचे आकडेही चढलेले. अर्धा जबडा काढायचा पर्याय होता, आम्ही नको म्हटलं. "मग घरी न्या," म्हणाले. घरी नेऊन करायचं काय, ते कुणी सांगेना.

ही सेवा मुलीने नाशिकहून शोधून दिली. पहिली भेट १५०० रुपये, पुढच्या ९०० च्या, औषधं वेगळी. बाई पहिल्या दिवशी दोन तास बसल्या. पहिला अर्धा तास ठमीला हातही लावला नाही, जमिनीवर बसून नुसत्या बघत होत्या. मला वाटलं, नुसतं बघायचे पण १५०० लागले का?

मग मोबाइलवर त्यांनी मांजरांच्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. माँट्रियलच्या विद्यापीठातल्या लोकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून दुखणं ओळखायची एक पट्टी छापली आहे. कान, डोळे, तोंडाचा ताण, मिशा आणि डोकं किती खाली आहे, या पाच गोष्टींना शून्य ते दोन गुण द्यायचे. दहापैकी चार झाले की दुखण्याचं औषध लागतं. ठमीला सहा मिळाले. आम्ही आठवडाभर म्हणत होतो, "बघ कशी डोळे मिटून शांत बसलीये." घुरघुरतही होती. मांजर दुखत असतानाही घुरघुरतं, हे तेरा वर्षं पाळून मला माहीत नव्हतं.

औषधाचं म्हणाल तर आधीच्या दवाखान्याचं मेलॉक्सिकॅम हे सूज-दुखण्याचं औषध बाईंनी किडनीमुळे बंद केलं आणि ब्युप्रेनॉर्फिन हे अफूच्या जातीचं, जोरदार दुखणं थांबवणारं औषध सुरू केलं. हे गालाच्या आत सोडायचं. गालाच्या अस्तरातून शोषलं जातं, गिळलं तर त्याचा फारसा उपयोग नाही. कडक नियमांतलं औषध असल्याने बाई मोजून भरलेल्या सिरिंजा आणायच्या, वहीत लिहायच्या आणि माझी सही घ्यायच्या. रिकाम्या परत मोजून न्यायच्या. मला हे फार आवडलं. आयुष्यभर मी तिकिटांचा हिशेब असाच दिला आहे.

शेजारच्या काकांनी क्रोसिनची पाव गोळी सुचवली होती. सांगितल्यावर बाई एकदम ताठ झाल्या. मांजराच्या यकृताला क्रोसिनमधलं पॅरासिटामॉल निकामी करता येत नाही, रक्त ऑक्सिजन वाहून न्यायचं थांबतं आणि मांजर मरतं. "काका, घरात दिसलीच तर वरच्या फळीवर ठेवा, आणि शेजारच्यांनाही सांगा."

पाणी जाईना म्हणून रिंगर लॅक्टेट, म्हणजे सलाइनसारखं क्षारांचं पाणी, कातडीखाली द्यायला शिकवलं. बाटली कोमट पाण्यात ठेवून घ्यायची, कपडे वाळत घालायच्या दोरीला टांगायची, खांद्यावरची कातडी तंबूसारखी उचलून सुई आत. माझे हात थरथरले. हिने, म्हणजे माझ्या बायकोने, सासूबाईंना दहा वर्षं इन्सुलिन दिलेलं, तिने पहिल्याच झटक्यात केलं. नंतर पाणी एका पायाकडे उतरतं आणि मांजर खांद्याला झोळी लावल्यासारखं दिसतं. घाबरू नका, काही तासांत जिरतं.

खाण्याचा प्रश्न ओल्या बोंबलांनी सोडवला. डॉक्टरबाईंनी मऊ, वासाचं आणि किंचित कोमट असं काहीतरी सांगितलं होतं. दुकानातला आजारी मांजरांचा डबा ठमीने हुंगून सोडला. मग ही म्हणाली, बोंबील वाफवून बघूया. मीठ नाही, हळद नाही, कांदा-लसूण तर मांजराला विषच. काटा काढून बोटाने चेपला की बोंबलाचा नुसता लगदा होतो, चावायची गरजच नाही. डिसेंबरभर ठमीने रोज दीड बोंबील खाल्ला. कोळणीने पैसे घेणं सोडलं होतं, मी जबरदस्तीने द्यायचो.

आता ऑफिसचे दोन तारे. दुसऱ्या आठवड्यात त्यांच्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर 'होलिस्टिक' पॅकेज आलं. रेकीच्या तीन बैठका, मंत्रांचं रेकॉर्डिंग, आणि सुगंधासाठी डिफ्यूझर, त्यात टी ट्री तेल. ४,५०० रुपये. हिला मोह झाला, आणि मी तरी कोणत्या तोंडाने नाही म्हणणार? डिफ्यूझर घरी आला त्याच दिवशी बाईंची भेट होती. त्यांनी बाटली वाचली, झाकण घट्ट लावलं आणि स्वतः जाऊन खाली कचऱ्यात टाकून आल्या. टी ट्री तेल मांजराला विषारी. ज्या कंपनीत डॉक्टर एवढी जागरूक, तिचं ऑफिस ते तेल विकतं! पैसे परत मागायला मला नऊ फोन करावे लागले. रेकीचे मिळाले, डिफ्यूझरचे नाही.

दुसरी तक्रार मोठी. जाहिरातीत चोवीस तास लिहिलंय. ३१ डिसेंबरला रात्री साडेअकराला ठमीच्या तोंडातून रक्त यायला लागलं आणि ऑफिसचा फोन कुणीही उचलला नाही. बाहेर फटाके. आम्ही निभावलो ते बाईंनी आधीच लिहून दिलेल्या एका कागदामुळे. दिवा मंद करा, थंड पाण्यात भिजवलेली पट्टी बाहेरून धरा, लाल खुणेची सिरिंज गालात सोडा, उचलून फिरवू नका. तो कागद फ्रिजवर लावला होता. तासाभराने रक्त थांबलं.

फ्रिजवर दुसराही कागद होता. अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंची एक मोजपट्टी आहे. दुखणं, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा बरे दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी, प्रत्येकीला दहापैकी गुण. सत्तरपैकी ३५ च्या वर असेल तर चाललंय ते ठीक. बाईंनी आम्हा दोघांना वेगवेगळं लिहायला सांगितलं, एकमेकांचं न बघता. मी कंडक्टरच्या हिशेबाच्या कागदासारखं, वेबिलासारखं, रोज रात्री नऊला भरायचो. पहिल्या दिवशी माझे ४४, हिचे ५१. संक्रांतीला माझे ३३, हिचे ४२. ठमी मांडीवर येऊन बसली की ही आनंदाला सात देऊन टाकायची. यावरून आमचं भांडणही झालं. बाई दोन्ही कागद बघायच्या आणि कधीच कुणाचं बरोबर म्हणायच्या नाहीत. एकदा फक्त म्हणाल्या, "तुमचे आणि काकूंचे गुण ज्या दिवशी जुळतील, त्या दिवशी मला फोन करा. ऑफिसला नको, मला."

२७ जानेवारीला माझे २६ होते. हिने कागद माझ्याकडे सरकवला. २६.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई आल्या. आधी गुंगीचं इंजेक्शन, ठमी हिच्या मांडीवर, जुन्या चादरीत. पूर्ण झोपल्यावर दुसरं. डोळे उघडेच राहतील हे आधी सांगितलं होतं, म्हणून आम्ही दचकलो नाही. ऑफिसने या भेटीचे ४,००० लावले, त्याला माझी हरकत नाही. मालाडला महापालिकेची प्राण्यांची गॅसदाहिनी २०२३ पासून आहे, तिथली व्यवस्था बाईंनीच फोनवर विचारून दिली.

निघताना त्यांनी उरलेल्या सिरिंजा मागितल्या. स्वयंपाकघरातून डबा आणला. अकरा होत्या. त्यांनी वहीत अकरा मांडल्या, सही घेतली, मग पर्स उघडून माझ्या हातात ३८५ रुपये ठेवले. न वापरलेल्या औषधाचे. मी नको म्हणत होतो.

"काका, हिशेब आहे," म्हणाल्या. मी मोजून घेतले.