रिपोर्ट निगेटिव्ह करून देणारा माणूस

भावाला विचारून लिहितेय. त्याचं नाव, गाव काही देणार नाही, इतकंच सांगते की आम्ही सांगली जिल्ह्यातले. ज्याने लुबाडलं त्याच्याविरुद्ध तक्रार दिलेली आहे, म्हणून त्याचंही नाव इथे नको. पण त्याची पद्धत सगळ्यांना कळलीच पाहिजे.

भावाला संध्याकाळी कणकण यायची, खोकला हटत नव्हता, कपडे ढगळ व्हायला लागले होते. बेडका तपासला, टीबी निघाला. टीबीच्या पेशंटची एचआयव्ही तपासणीही करतात, ती पॉझिटिव्ह आली. आधी टीबीच्या गोळ्या, दोनेक आठवड्यांनी एआरटी, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या. दोन्ही सरकारी, दोन्ही मोफत. आधी जरा उतार पडला. मग एआरटी सुरू होऊन महिना व्हायच्या आत मानेला गाठ आली, ताप पुन्हा चढला, ताटाकडे बघवेना.

असं काही जणांचं होतं, हे आम्हाला नंतर नीट समजलं. एआरटीमुळे प्रतिकारशक्ती जागी होते आणि अंगातल्या टीबीच्या जंतूंवर एकदम तुटून पडते. त्यात गाठी सुजतात, ताप येतो. डॉक्टर त्याला आयरिस म्हणतात. तेव्हा गोळ्या मिळतात त्या एआरटी सेंटरवर जाऊन दाखवायचं असतं, गोळ्या बंद करायच्या नसतात. पण घरच्यांना एवढंच दिसतं की गोळ्या वाढल्या आणि दुखणंही वाढलं. फसवणारे याच दिवसांवर टपलेले असतात.

सेंटरबाहेरच्या चहाच्या टपरीवर एक जण भावाशी बोलायला लागला. "मीही इथलाच पेशंट होतो. गोळ्या गरम पडतात हो. आता बंद केल्यात, रिपोर्ट निगेटिव्ह आहे माझा." औषध देणाऱ्याचा पत्ता त्यानेच दिला. तो कमिशनवर माणसं आणून देतो असा माझा पक्का संशय आहे.

बाजारपेठेत एका दुकानाच्या माडीवर भाड्याची खोली. मी सोबत होते. टेबलावर प्लास्टिकच्या फायलींचा गठ्ठा, त्यात लॅबचे रिपोर्ट. नावांवर काळं मार्कर फिरवलेलं आणि खाली 'टार्गेट नॉट डिटेक्टेड' या शब्दांवर पिवळी रेघ. औषध देणारा म्हणाला, "हे सगळे माझ्या औषधाने बरे झालेले." रिपोर्ट दिसायला तरी खरे होते, आणि फसवणूक तिथेच होती. तो व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा रिपोर्ट. एआरटी नियमित घेणाऱ्याच्या रक्तात विषाणू इतका कमी होतो की मशीनला सापडत नाही. तो माणूस एचआयव्ही निगेटिव्ह झालेला नसतो. साधी अँटिबॉडी टेस्ट केली तर ती पॉझिटिव्हच येते, आणि गोळ्या सोडल्या की विषाणू पुन्हा वाढतो. म्हणजे सरकारी गोळ्यांचं यश तो स्वतःच्या पुडीच्या नावावर खपवत होता.

४५ दिवसांची एक खेप १८ हजारांची, अशा तीन खेपा. पैसे रोख. पावती मागितली तर म्हणाला, "पावतीवर आजाराचं नाव येतं, त्रास तुम्हालाच." आणि अट एकच: दोन्हीकडच्या गोळ्या आजपासून बंद, नाहीतर आपलं औषध लागू पडणार नाही. वहिनीने बचत गटातून कर्ज काढलं.

गुण आला, आणि तो लगेच आला. ताप गेला, गाठ बसली, भूक लागली, चेहरा भरला. घरात सगळ्यांना धीर आला. दुसरी खेप संपत आली तेव्हा त्याला जिना चढवेना, रात्री बसून श्वास घ्यायला लागला. ॲडमिट केलं तेव्हा डॉक्टरांनी गोल झालेला चेहरा बघूनच विचारलं, "कुठली पुडी चालू आहे?" त्यांच्या मते पुडीत स्टिरॉइड असावं. आयरिसमध्ये डॉक्टरही कधीकधी स्टिरॉइड देतात, पण मोजून आणि टीबीच्या गोळ्या चालू ठेवून. टीबी मोकाट सोडून दिलेलं स्टिरॉइड म्हणजे उरलीसुरली प्रतिकारशक्तीही काढून घेणं. वर ताप येत नाही, म्हणून पेशंट निर्धास्त. हे आठवलं की अजून संताप होतो.

बेडका पुन्हा तपासला. रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध अजून लागू पडत होतं. अर्धवट सोडलेल्या टीबीत ते निकामी झालं असतं तर उपचार कितीतरी अवघड झाले असते. दोन्ही औषधं पुन्हा सुरू झाली. रिफाम्पिसिन एआरटीतल्या डोल्युटेग्राविर या औषधाची रक्तातली मात्रा उतरवतं, म्हणून त्याला ५० मिलिग्रॅमची एक जादा गोळी बारा तासांनी घ्यावी लागते. दोन्ही आजार एकत्र असले की असं बारीक बघावं लागतं. माडीवरच्या त्या माणसाने तर भाऊ कोणत्या गोळ्या घेतो हेही विचारलं नव्हतं.

पैसे परत मागायला गेलो तर त्याने आवाज चढवला. "गावात सांगू का कसला पेशंट आहे ते?" याच भीतीवर त्याचा धंदा चालतो. कायदा मात्र आपल्या बाजूचा आहे. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. विश्वासाने सांगितलेली एचआयव्हीची गोष्ट त्या माणसाच्या संमतीशिवाय उघड करायला त्यात मनाई आहे. टीबी बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, आणि कोणतंही औषध एड्स बरा करतं असा दावा औषध नियमांनुसार करता येत नाही. हे सगळं आम्हाला सेंटरच्या समुपदेशक ताईंनी सांगितलं. अन्न व औषध प्रशासनाकडे अर्जही त्यांनीच लिहून दिला.

कुणी असं काही घेत असेल तर लाजेपायी सेंटरवर जायचं टाळू नका. भावाला तिथे कुणी एका शब्दाने बोललं नाही, सरळ तपासायला घेतलं. जाता येत नसेल तर १०९७ या एड्स हेल्पलाइनवर फोन करा, तो मोफत आहे. पुडी मात्र एकदम स्वतःच्या मनाने थांबवू नका. बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड अचानक बंद करणंही धोक्याचं असतं, म्हणून त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उरलेल्या पुड्या फेकू नका, बरोबर न्या. पुडीचा कागद, डबी, फोनवरचे मेसेज, सगळं जपून ठेवा. आमच्याकडे तेवढाच पुरावा होता.