सवा तासाचं भरीत आणि याकोबाचं पत्र

भुसावळहून तापीचा पूल ओलांडून बामणोदच्या रस्त्याला लागलं की एक पत्र्याचं शेड दिसतं. दारात पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, हा एवढा ढीग. पाटीवर नाव आहे, पण मी ते इथे लिहिणार नाही. का, ते पुढे येईलच. ज्याला भरीत खायचंय त्याला ढिगाची खूण पुरे.

भरीत मात्र एक नंबर. वांगी त्याच भागातली, हिरवट-पांढरी, वीतभर लांब, बिया नावाला. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं ते उगाच नाही. ऑर्डर दिल्यावरच वांगी जाळावर पडतात, आणि जाळ पऱ्हाट्यांचा. गॅसवर साल करपते पण देठाजवळ वांगं कचवट राहतं. इथे देठापर्यंत लोण्यासारखं. साल काढून लाकडी बडगीत टाकतात आणि मुसळीने ठेचतात, मिक्सरचा संबंध नाही. मग हिरवी मिरची-लसूण, शेंगदाणे, पातीचा कांदा, आणि तेल हात न आखडता. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी आणि मुळा. थाळी १८० रुपये. शेवभाजीच्या वाटेला जाऊ नका, नुसती तिखट आहे.

आमच्या घरी चातुर्मास नसतो, त्यामुळे वांग्यासाठी चंपाषष्ठीपर्यंत थांबायचं बंधन नाही. पण चांगलं वांगं बाजारात येतं ते थंडी पडल्यावरच, म्हणजे नेमकं आगमनकाळात. नाताळाआधीचे चार रविवार आम्ही देवळात प्रभूच्या येण्याची वाट बघतो, आणि उपासना सुटली की याच शेडात भरिताची. त्या रविवारी पाळकसाहेबांनी बायबलातल्या याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय घेतला होता: शेतकरी पहिल्या आणि शेवटच्या पावसासाठी धीर धरतो, तसा तुम्हीही धरा. तिकडे पॅलेस्टाईनात पहिला पाऊस पेरणीचा, ऑक्टोबर-नोव्हेंबरचा, आणि शेवटचा मार्च-एप्रिलचा, दाणा भरण्याच्या वेळचा. दोन्ही हवेहवेसे. आमच्यासोबत कापूस लावणारे एक काका होते. ते म्हणाले, "याकोबाला आपला शेवटचा पाऊस दाखवायला पाहिजे. बोंडं फुटल्यावर आला की कापूस काळा." सगळे हसले. मला मात्र ते पटलं. धीरावर बोलणाऱ्याने खानदेशात एक दिवाळी काढावी.

त्या अध्यायात मला शेतकऱ्यापेक्षा त्याच्या पुढचं जास्त लागतं. शेतकऱ्याचा दाखला देऊन याकोब लगेच म्हणतो, एकमेकांविरुद्ध कुरकुर करू नका. ताटकळला की माणूस जो समोर सापडेल त्याच्यावर तोंड टाकतो, हे त्याने पाहिलेलं असणार. शेजारच्या टेबलावर तेच चाललं होतं. पाणी देणारा पोरगा, नुकतं मिसरूड फुटलेलं, थंडीतही घामाघूम. "मालकाने तुला झोपायला ठेवलंय का रे?" दर वेळी तो "व्हतंच आलं" म्हणायचा आणि जगमधलं निम्मं पाणी ग्लासाबाहेर सांडायचा. वांगं लवकर भाजणं त्याच्या हातात होतं का?

आता गाऱ्हाणं. वांगं भाजायला वेळ लागला असता तर मी एक शब्द काढला नसता. आम्ही सवा तास बसलो ते पार्सलपायी. आमच्या डोळ्यांदेखत वांगी जाळावरून निघायची, बडगीत जायची, डब्यात भरली जायची आणि मोटारसायकलवरून भुसावळला रवाना व्हायची. बसलेलं गिऱ्हाईक पळून कुठे जातंय, असा सगळा हिशेब.

आमच्या ह्यांना साखरेचा त्रास, गोळी घेऊन झालेली. सहनशीलतेच्या नावाखाली त्यांना चक्कर येईपर्यंत बसवणं मला मान्य नाही. आपण सोसावं, पण दुसऱ्याला उपाशी ठेवून आपण सोशीक म्हणवून घेऊ नये. मी उठून चुलीपाशी गेले. भाकरी थापणाऱ्या ताईंना सांगितल्यावर त्यांनी तव्यावरची भाकरी तशीच उचलली, वर ठेचा, त्यावर कच्चं तेल, आणि माझ्या हातात ठेवली. खरं सांगू, भरितापेक्षा ती भाकरी सरस होती.

मग गल्ल्याकडे निघाले तर आमच्यातल्या एक बाई म्हणतात, "जाऊ द्या हो, ख्रिस्ती माणसाने ईयोबासारखं सोसावं." ईयोब म्हणजे बायबलातला तो, संकटावर संकट सोसणारा. त्याचं नाव घेणाऱ्यांनी त्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय तरी वाचावा. ईयोब गप्प कुठे बसला? आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, मित्रांना खडे बोल सुनावतो, थेट देवाकडे दाद मागतो. आणि याकोब धीराचा दाखला देतो तो त्याचाच, ह्याच पाचव्या अध्यायात. गाऱ्हाणं न्यायचं ते ज्याच्या हातात काही आहे त्याच्याकडे, पाणी देणाऱ्या पोराकडे नाही. शिवाय मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात येशूने रीत घालून दिलेली आहे: भावाचा अपराध आधी त्याला एकट्याला गाठून सांग. म्हणून नाव लिहीत नाही. गल्ल्यावर गर्दी नव्हती तेव्हा मालकाला हळूच म्हटलं, पार्सल घ्या, पण बसलेल्याचं वांगं त्याच्याच ताटात पडू द्या. "बरोबर आहे मावशी, बघतो," म्हणाला आणि बिलातून पापडाचे पैसे कापले. मी पापडाबद्दल बोलतच नव्हते.

त्यानंतर पुन्हा गेलो तेव्हा पार्सलं चालूच होती, जरा कमी. पुन्हा सांगितलं. मत्तयात दुसरी पायरी एक-दोन साक्षीदार सोबत नेण्याची आहे. कापूसवाले काका तयार आहेत.

भरिताला पाचपैकी पाच, भाकरीला जमलं तर सहा, गल्ल्याला दोन. साखरेचा त्रास असलेलं कुणी सोबत असेल तर पिशवीत दोन केळी असू द्या. रविवारी जाणार असाल तर अकराच्या आत फोन करा, आणि "बसून खाणार" हे दोनदा सांगा, नाहीतर ते डब्यात भरून ठेवतील.