ग्रॅव्हल की हार्डटेल? केनेट अँड एव्हन कालवा आणि त्याच्या वरच्या टेकड्यांसाठी

इंग्लंडमधल्या बाथहून निघून डिव्हायझेसपर्यंत कालव्याच्या काठानं, पुढे प्यूझीच्या खोऱ्यात, मग तिथून वर चढून वॉन्सडाइक आणि एव्हबरीकडे, असं जर तुमचं रायडिंग असणार असेल तर ग्रॅव्हल बाइक (रेसरसारखी, खाली वळलेल्या हँडलची, म्हणजे ड्रॉप बारची, पण जरा जाड टायरची) घ्यावी की हार्डटेल माउंटन बाइक (फक्त पुढे सस्पेंशन, हँडल सरळ), ह्या एका प्रश्नात माझे दोन उन्हाळे गेलेत. दोन्ही घेतल्या, दोन्ही चालवल्या, एक विकली. फुल सस्पेंशनचा विषय काढतच नाही, ह्या भागात ती म्हणजे उगाच वाहायचं ओझं.

आधी ग्रॅव्हलच्या बाजूनं बोलतो, तिच्यावर अन्याय नको. बाथ ते डिव्हायझेस हा पट्टा नॅशनल सायकल रूट 4 मध्ये येतो, बऱ्याच ठिकाणी बारीक खडी चांगली दाबून बसवलेली आहे, आणि तिथे 40 मिमीच्या टायरवर ग्रॅव्हल अशी सुटते की आपल्याच पायांचं कौतुक वाटायला लागतं. डंडासचा दगडी अक्वेडक्ट, मग ॲव्हनक्लिफचा, दोन्हीवर कालवा एव्हन नदीच्या डोक्यावरून जातो, आणि मग ब्रॅडफर्डला ते चौदाव्या शतकातलं धान्याचं कोठार, टाइद बार्न, जवळजवळ 51 मीटर लांब. एवढं सगळं सकाळच्या चहाआधी उरकतं. हार्डटेलवर हाच पट्टा थोडा रटाळ होतो, जाड टायर सारखे घूंघूं करत राहतात आणि मागून कोणीतरी सायकल ओढतंय असं वाटतं. हे खरंय, नाकारत नाही.

पण पळवणार कुठे, हा माझा प्रश्न. हा रस्ता मुळात बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेला. जुन्या कालव्यांवरच्या पुलांचे कोपरे कधी थांबून बघा, दोरीनं दगडात नाहीतर लोखंडी पट्टीत घासून घासून पडलेल्या खाचा दिसतात, मी तर प्रत्येक वेळी बोट घालून बघतो, का ते विचारू नका. तर घोड्यापुरती रुंदी, आणि त्यात आज चालणारे, धावणारे, प्रॅम, कुत्री, नॅरोबोटवाल्यांची रचलेली लाकडं आणि मासे पकडत बसलेले लोक, ज्यांच्या त्या लांबच लांब काठ्या मागे सरकवल्या की अख्खा रस्ता बंद. शिवाय टोपाथवर, म्हणजे ह्या कालव्याकाठच्या रस्त्यावर, पायी चालणाऱ्याला प्राधान्य, हा नियमही आहे आणि योग्यही आहे. म्हणजे ग्रॅव्हलचा जो वेग आपण पैसे देऊन घेतो तो दर शे-दीडशे मीटरला ब्रेकमध्ये जातो.

आता खरी गोष्ट. माझा निर्णय टायरनं केला नाही, गिअरनं नाही, वजनानं तर नाहीच. बेलनं केला. हसू नका.

टोपाथवर बेल सतत लागते. पुलाखालचं वळण आलं की समोरचं काही दिसत नाही, वाजवा. समोर पाठमोरं जोडपं, वाजवा. लांब दोरीवरचं कुत्रं, दोनदा वाजवा. ड्रॉप बारवर हात बहुतेक वेळ हूडवर, म्हणजे ब्रेकच्या वरच्या रबरी मुठींवर, असतात कारण ब्रेक तिथेच, आणि बेल बसते मध्ये स्टेमजवळ. म्हणजे वाजवायची तर एक हात ब्रेकवरून काढून मध्ये न्यायचा, आणि तोही नेमका त्या क्षणी जेव्हा ब्रेक लागण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते! डावीकडे पाणी, उजवीकडे पुलाची भिंत, वरची कमान डोक्याला लागेल इतकी खाली, आणि मी एका हातानं सायकल धरून टिंग टिंग करतोय. दोन-तीन रविवार ठीक वाटलं, मग ते डोक्यात बसलं. हूडजवळ लागणारी छोटी बेलही मिळते, ती लावून बघितली, तर तळहाताला खाली टोचायला लागली आणि आवाज असा की बदकंसुद्धा वळून बघेनात. मग तोंडानं "मॉर्निंग" म्हणत जायचा प्रयोग केला, एक आजोबा एवढे दचकले की मीच उतरून त्यांची माफी मागितली.

हार्डटेलवर अंगठ्याशी बेल, दोन बोटं ब्रेकवर, हात जागचा हलत नाही. विषय संपला. कुणाला हे फारच क्षुल्लक वाटेल, आणि ज्याचे हात माझ्यापेक्षा चपळ आहेत किंवा जो आठवड्याच्या मधल्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर जातो त्याला कदाचित जाणवणारही नाही. मी रविवारवाला आहे.

केन हिलला दोन्ही सारख्याच. डिव्हायझेसला चढणारे ते 29 लॉक (बोटी वर-खाली नेणारे पाण्याचे दरवाजे), साधारण 3 किलोमीटरमध्ये 72 मीटर, त्यातले 16 एका सरळ रेषेत पायऱ्यांसारखे, फोटोत बघितलं की छाती दडपते पण सायकलवर तो चढ अगदी सौम्य आहे. कुठलीही सायकल न्या. वर पोचल्यावर मात्र मागे वळून बघा, हा कालवा 1810 मध्ये पूर्ण झाला, पुढे पार मोडकळीला आला आणि 1990 मध्ये पुन्हा अखंड सुरू झाला.

डिव्हायझेस ओलांडलं की चित्र बदलतं. नीट खडीचा पट्टा मागे राहतो आणि बऱ्याच ठिकाणी नुसतं गवत आणि त्यात चाकाएवढी एक चाकोरी. पावसानंतर ती चाकोरी साबण लावल्यासारखी होते, आणि काठ कुठे कुठे पाण्यात ढासळलेला असतो. इथे ग्रॅव्हलवर मी चाकाकडे बघत चालवायचो, हार्डटेलवर बगळ्यांकडे बघत चालवतो. फरक एवढ्यात सांगता येतो. मोजून दाखवा म्हणाल तर माझ्याकडे आकडा नाही, पण ग्रॅव्हलवरून घरी आल्यावर संध्याकाळी कप धरताना बोटांना मुंग्या यायच्या, हार्डटेलला तसं होत नाही.

एक गोष्ट मात्र हार्डटेलच्या विरोधात, आणि ती कोणी दुकानात सांगत नाही. खाजकुयली. म्हणजे आपली नाही, इथली नेटल, पण उपद्रव तोच. जून-जुलैत टोपाथच्या दोन्ही बाजूंनी कंबरेएवढी वाढते, आणि 780 मिमीचा रुंद हँडलबार असला की दोन्ही मुठी थेट तिच्यात. पहिल्या उन्हाळ्यात माझी बोटं वडे तळल्यासारखी फुगली होती. ग्रॅव्हलचा 44 सेंटीमीटरचा बार ह्या बाबतीत सुखी प्राणी आहे, गेटमधूनही आरपार जातो, हार्डटेल तिरकी करून काढावी लागते.

टेकड्यांवर तर मला फारसा वादच दिसत नाही. हनीस्ट्रीटला कालवा सोडायचा, वर 1812 मध्ये कोरलेला ऑल्टन बार्न्सचा पांढरा घोडा दिसत राहतो, आणि त्याच्या शेजारच्या अंगानं चढत वॉन्सडाइकच्या त्या जुन्या मातीच्या बांधापर्यंत जायचं. एक लक्षात ठेवा, इंग्लंडमध्ये फूटपाथवर (फक्त चालणाऱ्यांच्या वाटेवर) सायकल चालत नाही, ब्रायडलवेवर (घोडेस्वारांनाही खुल्या वाटेवर) चालते, 1968 च्या कायद्यापासून, त्यामुळे नकाशा नीट बघूनच वळा. चढ लांब नाहीत, उंचीही काही घाबरवणारी नाही, पण खाली सगळा चुनखडीचा खडू. कोरडा असताना स्वप्नवत, ओला झाला की बर्फ. आणि खडूतून वर आलेले गारगोटीचे तुकडे सुरीसारखे टायर कापतात. ट्यूबलेस दोन्हीकडे करून घ्या, त्यात काटकसर नको. चढताना हार्डटेलचा फोर्क (पुढचं सस्पेंशन) लॉक केला की ती ग्रॅव्हलपेक्षा थोडीशीच मागे राहते. उतरताना मात्र ग्रॅव्हलवर हात ड्रॉपमध्ये, मान वर, दात घट्ट. एव्हबरीचं दगडांचं वर्तुळ बघायला जायचं आणि पोचेपर्यंत मान आखडलेली, मग ते साडेचार हजार वर्षांपूर्वीचे दगड बघायला मान वर करवत नाही, असं माझं एकदा झालंय.

बेडविनच्या बाजूला गेलात तर ब्रूस टनेल लागतो, साधारण 460 मीटर, आत टोपाथ नाहीच. त्या काळी घोडे वरून टेकडीवरून जायचे, आपणही तसंच जायचं. ह्या तुकड्यात दोन्ही सायकली ठीक. थोडं पुढे क्रॉफ्टनला 1812 चं वाफेचं इंजिन आहे, कालव्याच्या सगळ्यात उंच भागाला पाणी पुरवायला बसवलेलं, ते चालू असेल त्या दिवशी गेलात तर सायकलचा विषय तासभर विसरायला होतो.

तुम्ही आठवड्यातून तीन दिवस ऑफिसलाही तीच सायकल नेणार असाल, मध्ये डांबर भरपूर असेल, तर ग्रॅव्हल घ्या, मी वाद घालणार नाही. पण कालवा आणि टेकड्या एवढंच असेल तर मला वाटतं साधी हार्डटेल, 100 मिमीचा लॉक होणारा फोर्क, 2.2 इंचांच्या आसपासचे फार दात नसलेले टायर. ग्रॅव्हल मी विकली ती एका तरुण मुलाला, त्याला रोडवरच जायचं होतं, खूश आहे तो.

बार मी 780 वरून 720 ला आणला, नेटल आणि गेट दोन्हीचा त्रास बराच कमी झाला. फक्त लगेच करवत घेऊ नका, आधी ग्रिप, ब्रेक सगळं आत सरकवून दोन-तीन राइड करून बघा, बेलला जागा उरते का तेही बघा. माझ्याकडे डाव्या बाजूला ड्रॉपर पोस्टचा (चालवताना सीट खाली-वर करायचा) लिव्हर होता, बार कापल्यावर बेल आणि तो एकमेकांवर यायला लागले, शेवटी लिव्हर काढला.