संपाच्या दिवशी रँस: एका दिवसाच्या सहलीचा अभिप्राय

निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करण्याच्या सरकारी निर्णयाविरुद्ध २३ मार्च २०२३ रोजी फ्रान्सभर संप होता आणि पॅरिसहून रँस या फ्रेंच शहराची आमची सहल नेमकी त्याच दिवशी ठरलेली होती. पॅरिसमध्ये सफाई कामगारांच्या संपामुळे पदपथांवर कचऱ्याचे ढीग साचले होते. रेल्वेने पाऊण तासात होणारा प्रवास आम्हाला व्हॅनमधून करावा लागला आणि वाहतूक कोंडीमुळे त्यात अडीच तास गेले. हा बदल आयोजक संस्थेने पहाटे केवळ एका ओळीच्या संदेशाने कळवला. संप आठवडाभर आधी जाहीर झालेला असताना आदल्या दिवशी तरी सांगता आले असते.

सहलीचे पैसे वसूल झाले ते वाटाडीमुळे. फ्रान्सच्या बहुतेक राजांचा राज्याभिषेक ज्या कॅथेड्रलमध्ये झाला, तेथे तिने राजांची यादी वाचून दाखवली नाही. तिने सुरुवात केली १९ सप्टेंबर १९१४ पासून. त्या दिवशी जर्मन तोफगोळ्यांनी उत्तरेकडील मनोऱ्याभोवतीच्या लाकडी परांचीला आग लागली, ती छपरापर्यंत पोहोचली आणि वितळलेले शिसे दगडी पन्हाळ्यांच्या तोंडांतून वाहू लागले. तोंडात शिसे गोठलेल्या अशा एका पन्हाळीचे छायाचित्र तिच्याजवळ होते. पुढे आंरी दनो या रँसच्याच वास्तुविशारदाने लाकडाऐवजी प्रबलित काँक्रीटचे छोटे तुकडे एकमेकांत बसवून छपराचा सांगाडा उभारला. दर्शनी भागातल्या हसऱ्या देवदूताचे मस्तकही त्याच आगीत खाली पडून फुटले होते, हे कळल्यानंतर त्या हसण्याकडे आम्ही पुन्हा एकदा निरखून पाहिले. चित्रकार मार्क शागालच्या १९७४ मधील निळ्या चित्रकाचांपुढे तिने आम्हाला बराच वेळ शांत बसू दिले, हेही तिचे कौशल्यच.

शॅम्पेनच्या तळघराची भेट मात्र घाईत उरकली. पहिल्या महायुद्धात नागरिक अशाच तळघरांत राहत होते आणि तेथे मुलांच्या शाळाही भरत, एवढे ऐकेपर्यंत निघण्याची वेळ झाली. जर्मनीच्या शरणागतीवर ७ मे १९४५ रोजी जेथे सह्या झाल्या, ते संग्रहालय कार्यक्रमपत्रिकेत असूनही वगळण्यात आले. ते रेल्वे स्थानकाच्या मागेच आहे, हे विशेष खटकले.

शाकाहारी प्रवाशांसाठी एक सूचना: येथील प्रसिद्ध गुलाबी बिस्किटांत अंडे असतेच, शिवाय त्यांचा रंग परंपरेने कार्मिनचा, म्हणजे किड्यांपासून काढलेला असतो.

वाटाडीला पाचपैकी पाच आणि आयोजनाला दोन गुण देईन. रेल्वे तिकिटांचे पैसे दोन आठवड्यांनी परत मिळाले. संग्रहालयाच्या प्रवेशशुल्काबद्दलच्या पत्राला अद्याप उत्तर नाही.